पऱ्याचा नाला करू नका

आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम जय भीम. नमस्कार.

पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्या बैठकीत मला खुर्ची नाही. तुमचं मंडळ महिन्याच्या पहिल्या रविवारी लालबागच्या खोलीत बसतं. खालच्या वाडीचं, म्हणजे आमचं मंडळ नायगावला बसतं. मोहल्ल्याची जमात डोंगरीला. धनगरवाडीचं मुंबईत मंडळच नाही, त्यांची पोरं हॉटेलांत आणि मार्केटात कामाला आणि रविवारी सुट्टी नसते. गाव एक, मुंबईत त्याचे तीन हिशेब आणि तीन शिक्के. याबद्दल आज तक्रार करत नाही. पण पऱ्या, म्हणजे आपला ओढा, एकच आहे आणि त्याच्यावर ठराव मात्र एकाच खोलीत झाला, म्हणून हे पत्र.

दसऱ्यानंतरच्या तुमच्या बैठकीतलं ते रंगीत चित्र मला तुमच्याच एका सभासदाने मोबाईलवर पाठवलं. 'पऱ्या सुशोभीकरण'. दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती, तळाला काँक्रीट, वर पेव्हर ब्लॉकची वाट, बाकडी, दिव्यांचे खांब, आणि गावाच्या नावापुढे लाल बदाम असलेला फोटो काढायचा बोर्ड. चित्रात पाणी निळंशार आहे. वाटेवरून एक बाई कुत्रा फिरवतेय. आपल्या गावात कुत्र्याला फिरवायला नेणारी बाई मी अजून बघितली नाही, कुत्रे आपले आपण फिरतात. असो. काम भटाच्या पुलापासून सुरू होऊन गुरांच्या कोंडाशी, म्हणजे गुरं पाण्यावर येतात त्या डोहाशी, संपतं, असं खाली लिहिलंय. निधीचा शब्द साहेबांनी दिलाय म्हणतात.

गुरांच्या कोंडाच्या खाली काय आहे, ते चित्रात नाही. खाली आम्ही आहोत.

नव्या पिढीतल्या सभासदांसाठी दोन ओळी, कारण तुमच्यातले काही जण गणपतीला आले तरी गाडी दारात लावतात आणि दारातूनच परत नेतात. आपल्या पऱ्याला नाव नाही. तालुक्याच्या नकाशावर एक बारीक निळी रेघ आहे, तेवढीच. तळकोकणात अशाला व्हाळ म्हणतात, आपण पऱ्या म्हणतो. तो सड्यावर धनगरवाडीच्या मागे सुरू होतो. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, वरून बघाल तर उजाड. पण जांभा चाळणीसारखा असतो. पावसाचं पाणी त्याच्यातून मुरत खाली उतरतं आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर अडलं की डोंगराच्या कुशीतून झरे होऊन बाहेर येतं. तसे तीन झरे देवराईत आहेत. तिथून पऱ्या तुमच्या वाडीच्या मागून, कुणबीवाडीच्या मळ्यांमधून, गुरांच्या कोंडातून आमच्या वाडीशी येतो, मोहल्ल्याच्या नारळींखालून जातो आणि अर्जुनेला मिळतो. अर्जुना राजापूरवरून जैतापूरच्या खाडीला. सगळा मिळून पाच-सहा किलोमीटरचा जीव. पण त्याच्यावर पाच वाड्या जगतात, आणि झरे नुसते देवराईतच नाहीत, पऱ्याच्या तळातही जागोजाग आहेत. एप्रिलात वाळूवर हात ठेवून बघा, जिथे गार लागेल तिथे खाली झरा असतो.

आता माझं थोडं. गिरण्यांचा संप १९८२ ला झाला, त्यानंतर वडील गावी परतले आणि मी मुंबईला आलो. उलटी वरात. पस्तीस वर्षं मी मुंबईत नाल्यांवर काढली. आधी घमेलं, मग मुकादमी. तुमच्यापैकी कुणी बँकेत होता, कुणी गोदीत, कुणी मंत्रालयात. नाल्यात उतरलेला बहुधा मी एकटाच. तेव्हा काँक्रीटच्या भिंतीत घातलेलं पाणी कसं वागतं, याबाबतीत तरी माझं ऐका.

मुंबईत चार नद्या आहेत, हे पहिली काही वर्षं मलाही ठाऊक नव्हतं. मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर. आम्ही हजेरी लावायचो 'नाल्यावर'. एकदा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पोरांना घेऊन गेलो, तिथे खडकांवरून स्वच्छ पाणी वाहत होतं, बोटभर मासे होते. पोराने विचारलं, ही कुठली नदी? पाटीवर बघितलं तर दहिसर. ज्या दहिसर नाल्यातून मी आदल्या आठवड्यात डंपर भरले होते, तीच. पार्काच्या दाराच्या आत नदी, दाराच्या बाहेर नाला. मधे डोंगर लागत नाही की दरी लागत नाही. माणसं लागतात, गोठे लागतात आणि भिंती लागतात.

मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यावर निघते आणि माहीमच्या खाडीत जाते. वाटेत तिला विमानतळासाठी वळवली, काठ भरून घेतले, तोंडाशी बांधकामं झाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात दुपारी साडेचार मीटरच्या आसपास भरती. शहरातले जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तो हिशेब ५० वर न्यायला सांगितला होता, तो बारा वर्षांनीही पुरा झालेला नव्हता. त्या रात्री मी कलिन्याला एका गच्चीवर होतो. पाणी येतं तेव्हा आवाज होतो असं लोकांना वाटतं. काँक्रीटमधून येणारं पाणी गुपचूप येतं आणि एकदम येतं. दहा मिनिटांपूर्वी घोट्याला होतं, ते छातीला.

त्यानंतर आम्ही भिंती आणखी उंच केल्या. मग दरवर्षी मे महिन्यात त्याच भिंतींमध्ये पोकलेन उतरवून गाळ काढायचा, तो डंपरने न्यायचा, पुढच्या मेमध्ये पुन्हा तेवढाच. पोटापुरतं काम मिळालं, नाही म्हणत नाही. पण एकदा का पाण्याला पेटीत घातलं की ती पेटी जन्मभर साफ करावी लागते. मुंबईला ते परवडतं. आपल्या ग्रामपंचायतीला नळपाणी योजनेचं वीजबिल भरताना घाम फुटतो.

आता तुमचं चित्र परत बघा. आज पऱ्या वाकडातिकडा आहे. वाटेत धोंडे आहेत, काठाला करंज आणि जांभळी आहेत, त्यांची मुळं पाण्यात आहेत. पाणी प्रत्येक वळणावर धडपडतं, थांबतं, पुढे जातं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बराचसा अडीच-तीन महिन्यांत. तो सगळा एकाच वेळी आमच्या दारात येत नाही, तो या धडपडीमुळे. तुम्ही तळ गुळगुळीत करणार, वळणं सरळ करणार, मुळं काढणार. मग सड्यावर पडलेलं पाणी तुमच्या वाडीमागून पळतच सुटेल. ते तुमच्याकडे थांबणार नाही हे खरं, त्याबद्दल तुमचं अभिनंदन. पण गुरांच्या कोंडाशी भिंत संपली की ते त्याच वेगाने आमच्या मातीच्या काठावर आदळेल. भिंत संपते तिथे पाणी काठ खातं. हे इंजिनियरला विचारायला नको, कुठल्याही नाल्याच्या टोकाशी जाऊन बघा, खड्डा दिसेल. आमच्याकडे त्या जागी सात घरं आहेत आणि बुद्धविहार आहे. त्याखाली मोहल्ल्याची नारळीची रांग आणि कब्रस्तान. आणि त्याच्याही खाली राजापूरच्या जवाहर चौकात अर्जुना-कोदवलीचं पाणी चढलं की तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ पाठवताच. ते पाणी अशाच शेकडो पऱ्यांचं असतं.

कुणी म्हणेल, हा जातीचा मुद्दा आणतोय. मी आणत नाही, पाणी आणतं. ते वरून खाली येतं आणि आपल्या गावात वाड्याही वरून खाली बसवलेल्या आहेत.

माझी आजी पऱ्याचं वाहतं पाणी प्यायला भरत नसे. वर कपडे धुतले जायचे, म्हशी बसायच्या, मग ते पाणी आमच्याकडे यायचं. वरच्या कोंडावर जायची तिला मुभा नव्हती. मग ती पहाटे काठाच्या वाळूत हाताने कोपरभर खड्डा करायची, डवरा. पहिलं गढूळ पाणी करवंटीने उपसून टाकायची. दुसरंही टाकायची. मग शेजारी बसून राहायची. वाळूतून पाणी पाझरत यायचं, काचेसारखं. एक करवंटी, दोन करवंट्या, असं करत कळशी भरायला अर्धा-पाऊण तास. मी लहान असताना कंटाळून वाहतं पाणी ओंजळीत घेतलं तर हातावर चापट मारायची, "वरचं नको, वाळूतलं पी." आता आमच्याकडे नळ आहे. पण नळाची विहीर पऱ्याच्या काठाला आहे आणि तिच्यात येतं ते तेच वाळूतलं पाणी. तळाला काँक्रीट घातलंत की ते झरे बुजले. तुमच्या वाडीच्या दोन विहिरीसुद्धा त्याच पाण्यावर आहेत, हे चित्र काढणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल. तीन हजार मिलिमीटरच्या मुलखात मे महिन्यात टँकर येतो, ही लाज आपण पाणी पळवून लावल्यामुळेच आहे.

ठरावाबद्दलही एक आठवण देतो. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ सालीच पास झाला होता. महाड नगरपालिकेनेही पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. पाणी आमच्यापैकी कुणालाच मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथे चालत जाऊन ते ओंजळीने प्यावं लागलं, आणि त्यावरचा खटला हायकोर्टात संपायला १९३७ साल उजाडलं. मुंबईत झालेला ठराव आणि गावातलं पाणी यांच्यात किती वर्षं असतात, हे आमच्या वाडीला नीट माहीत आहे. तेव्हा आम्ही ठरावांवर लवकर विश्वास ठेवत नाही आणि लवकर घाबरतही नाही.

आणि ठराव करणारे आपण कोण? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले सरकारचे. काठावरचा मळा तुमचा असेल, पऱ्या तुमच्या सातबारात नाही. माझ्याही नाही. गावात काम कुठलं घ्यायचं ते ग्रामसभेने ठरवायचं. मंडळाने देवळाला मंडप दिला, शाळेला पंखे दिले, करोनात धान्य पाठवलं, ते आमच्याही वाडीत आलं, त्याला मी नमस्कार करतो. पण गावचं मंडळ म्हणजे गाव नव्हे. तुमच्याकडे गावाला पाठवायचे पैसे आहेत म्हणून तुम्ही ठरवता आणि आमच्याकडे तिथे राहणारी माणसं आहेत म्हणून आम्ही भोगतो.

तुमची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं त्या आठवड्यात आपला पऱ्याही तुमच्या मळ्यात घुसला, दोन बांध गेले, साकव, म्हणजे पऱ्यावरचा छोटा पूल, गेला. कुणबीवाडीची पोरं अजून शाळेला जाताना पाण्यातून उतरतात. साकव पाहिजेच. आमची पोरंही त्यावरूनच जातील. पण तो पाईप टाकून केलेला नको. नाल्यावरची निम्मी दुखणी मी पाईपांत बघितली आहेत. एक बांबूचं बेट वाहून आलं, एक फांदी आडवी झाली की पाईप बंद, आणि मग पाणी रस्त्यावरून. साकव मोकळ्या गाळ्याचा, काठापासून काठापर्यंत, मधे खांब नको. एवढाच खर्च करा, आम्ही अंगमेहनत देऊ.

बाकी पऱ्या भरला कशाने, ते खोलीतल्या पंख्याखाली बसून कळणार नाही. गेल्या आठ-दहा वर्षांत देवराईच्या वरची खाजगी राई तोडायला दिली गेली. कटर लावून एका उन्हाळ्यात ऐन, किंजळ सगळं साफ. मग जेसीबीने टप्पे काढून काजू लावले. पहिल्याच पावसात ते लाल पाणी तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. ती माती पऱ्यात बसली, पऱ्या उथळ झाला, म्हणून तो मळ्यात घुसला. राई विकणाऱ्यांत तुमच्या मंडळाचे तिघे सभासद आहेत. आमच्या वाडीतलेही दोघे आहेत, त्यांतला एक माझा चुलतभाऊ. त्याला मी तोंडावर बोललोय, त्याने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. तुम्ही तुमच्या तिघांना विचारा. भिंत घातली म्हणून माती यायची थांबत नाही, ती फक्त आणखी खाली, आमच्याकडे जाऊन बसते.

चढणीच्या माशांबद्दल लिहू की नको, विचार करत होतो. विषय हळवा वाटतो आणि तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला मासे आठवतायत. आठवतातच. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की अर्जुनेतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. पऱ्यातून मळ्यांत, मळ्यांतून खाचरांत. रात्री बत्ती घेऊन गेलं की भाताच्या खाचरात मळये, शेंगटी खळबळताना ऐकू येतात, दिसायच्या आधी ऐकू येतात. त्या एका रात्री वाडी कुठली कुणाची, हे कुणी विचारत नाही. मोहल्ल्यातला एक चाचा तुमच्या मळ्यात, तुमचा भाऊ आमच्या खाचरात. तुमच्या चित्रात भटाच्या पुलाखाली चार फुटांची सरळ पायरी आहे. मासा धोंड्याधोंड्यांवरून चढतो, चार फूट काँक्रीट चढत नाही. त्या पायरीखाली अंड्यांनी भरलेले मासे अडकून पडतील आणि पोरं ते घमेल्याने भरून नेतील. दोन-तीन वर्षं चंगळ होईल. नंतर बत्ती घेऊन जायचं कारण उरणार नाही.

आम्ही तीन गोष्टी मागतो. हा ठराव मागे घ्या. पऱ्याचं काय करायचं ते येत्या १ मेच्या ग्रामसभेत घ्या, तेव्हा सगळे चाकरमानी गावातच असतात, धनगरवाडीलाही त्या दिवशी खाली बोलवा, झरे त्यांच्या दारात आहेत. आणि साहेबांचा निधी साकवाला आणि वरच्या टप्प्यांवर दगडी बांध घालायला वळवा. साहेबांना फलक लावायला साकवावरही जागा असते.

बंधारा मात्र मेपर्यंत थांबणार नाही. पाऊस थांबून पऱ्याचा जोर मोडला की दरवर्षी गुरांच्या कोंडाखाली आम्ही घरटी एक माणूस घेऊन कच्चा बंधारा घालतो. यंदा कार्तिकी एकादशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी. खाली धोंड्यांची रांग, तिच्या पुढ्यात वाळू भरलेल्या गोणी विटांसारख्या एकाआड एक, फटींत पेंढा आणि टहाळ, वरून चिकणमाती थापायची. माती थापायचं काम बायका करतात, पुरुषांनी केलं तर गळतं, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. संध्याकाळपर्यंत पाणी कमरेला येतं. महिनाभरात तुमच्या वाडीतल्या विहिरींचं पाणीसुद्धा हातभर चढतं, तुमच्या घरच्या माणसांना फोन करून विचारा. त्या पाण्यावर कुणबीवाडीचा कुळीथ आणि चवळी होते आणि मार्चपर्यंत गुरं तिथेच पाण्यावर येतात.

यंदा गोणी कमी पडतायत. सिमेंटच्या रिकाम्या गोणी साधारण दोनशे लागतात. नायगाव-परळच्या बांधकामांवरून आम्ही साठ-सत्तर गोळा केल्यात, धुऊन गच्चीवर वाळत घातल्यात. तुमच्या सभासदांतले दोघे बिल्डरकडे सुपरवायझर आहेत. गोणी बांधून नायगावला आणून ठेवल्या तर आमचा टेम्पो शुक्रवारी रात्री निघतो, त्यात टाकू. आणि टेम्पोत पुढे दोन माणसांची जागा आहे, अध्यक्ष आणि सचिव यांच्यासाठी ठेवली आहे. जुने कपडे आणा.

आपला,
खालच्या वाडीतला, नाल्यावरचा मुकादम
नायगाव, मुंबई